आळसाच्या पोटातले दुःख

ख्रिस्ती परंपरेतील सात प्रमुख पापांमध्ये आळस मोजला जातो. त्या जागी मुळात ‘आकेदिया’ हा ग्रीक शब्द होता. ‘केदोस’ म्हणजे काळजी आणि मृतासाठी केलेला शोकही. त्याला नकाराचा ‘अ’ लागून झालेला आकेदिया म्हणजे कशाचीच आस्था न उरणे.

इजिप्तच्या वाळवंटात केलिया येथे राहणाऱ्या एवाग्रिअस (मृत्यू 399) या तपस्व्याने साधकाला छळणारे आठ विचार सांगितले: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, दुःख, क्रोध, आकेदिया, मोठेपणाची हाव आणि गर्व. ही यादी वाचताना षड्रिपू आठवतात, पण षड्रिपूंत दुःख नाही. इथे ते आले त्यामागे स्टोइक या प्राचीन तत्त्वज्ञांची शिकवण आहे. वासना, भय, सुख आणि दुःख या चार विकारांपैकी पहिल्या तिघांना ज्ञानी माणसाला शोभणारे निर्मळ रूप असते, दुःखाला मात्र नसते, असे ते मानत.

एवाग्रिअसच्या लेखी दुःख येते ते घर, आईवडील, मागे टाकलेला संसार आठवल्याने. आकेदिया मात्र भर दुपारी गाठते, म्हणून तिला त्याने मध्यान्हीचे भूत म्हटले. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, कोणी भेटायला येते का म्हणून साधक सारखा बाहेर डोकावतो. एकांतातल्या मनाचे इतके अचूक वर्णन क्वचितच सापडेल.

तरी सगळेच दुःख दोषी ठरले नाही. पश्चात्तापाकडे नेणारे दुःख वेगळे, हे प्रेषित पौलाने करिंथकरांना आधीच लिहिले होते. संत ऑगस्टीनने तर स्टोइकांना विरोधच केला: मित्र लाजराच्या थडग्यापाशी येशू रडला, मग अश्रू हा दोष कसा? 387 साली आई मोनिका वारली तेव्हा त्याने स्वतः आधी रडू दाबले, नंतर मोकळे केले.

कासिअन या साधूने एवाग्रिअसची आठांची यादी लॅटिनमध्ये नेली. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने गर्वाला सर्वांचे मूळ ठरवून यादीबाहेर ठेवले, मत्सर आणला आणि आकेदिया दुःखात मिसळून सात दोष केले. पुढे नावे उलटली: आकेदिया यादीत परतली, दुःख तिच्या पोटात गेले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने तिची व्याख्या ‘आध्यात्मिक कल्याणाविषयी वाटणारे दुःख’ अशीच केली. लोकांच्या बोलीत मात्र तिचा निव्वळ आळस झाला.