प्रथिनाधारित जलवंगण आणि कठीण कार्बन लेप

हिरासदृश कार्बन लेप, म्हणजेच डीएलसी, हा धातूच्या भागावर चढवलेला कार्बनचा पातळ थर असतो. त्याची जाडी साधारण काही मायक्रोमीटर. त्यातले काही अणू हिऱ्यातल्यासारखे, तर काही ग्रॅफाइटमधल्यासारखे जोडलेले असतात, म्हणून लेप कठीण असूनही निसरडा असतो. तो दुसऱ्या धातूवर घासताना तेलाऐवजी प्रथिने विरघळवलेले पाणी वापरले, तर त्याला प्रथिनाधारित जलवंगण म्हणता येईल.

नुसते पाणी इथे तोकडे पडते. दाब वाढला की तेल कमालीचे घट्ट होते आणि दोन पृष्ठभागांमध्ये टिकून राहते. पाणी मुळातच पातळ, आणि दाबाने त्याची श्यानता फारशी वाढत नाही. ते बाजूला निसटते, उंचवटे एकमेकांवर घासतात, शिवाय साधे पोलाद गंजते ते वेगळेच.

प्रथिने ही उणीव काही अंशी भरून काढतात. त्यांच्या रेणूचे काही भाग पाण्याला टाळतात, काही त्याला धरून ठेवतात. रक्तात आणि सांध्यातल्या द्रवात असणारे अल्ब्युमिन पृष्ठभागाला चिकटते, त्याची घडी थोडी सैल होते आणि काही नॅनोमीटरचा थर तयार होतो. लाळेतले म्युसिन याहून सरस: त्याच्या साखरेच्या साखळ्या भरपूर पाणी धरतात. लाळ बुळबुळीत लागते ती यामुळेच. मात्र प्रथिन घातले की घर्षण घटेलच असे नाही. भार, वेग, क्षार आणि आम्लता यांवर ते अवलंबून असते. चिकट थरामुळे घर्षण वाढूही शकते.

याचा सर्वांत गंभीर उपयोग कृत्रिम खुब्यात. 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, रुग्णांच्या शरीरातून काढलेल्या धातूवर-धातू सांध्यांवर ग्रॅफाइटसारखा कार्बनचा थर आढळल्याचे नोंदवले होते. मग तयार कार्बन लेपच का देऊ नये? 1990च्या दशकात तसे खुब्याचे गोळे रुग्णांना बसवलेही गेले. त्यांची वाटी प्लॅस्टिकची होती. सुरुवातीला सारे ठीक होते. काही वर्षांनी लेप गोल चकत्यांसारखा सुटू लागला आणि अनेकांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली.

दोष कार्बनचा नव्हता. स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेतील संशोधकांनी दाखवले की, लेप आणि धातू यांना जोडणारा सिलिकॉनयुक्त पातळ थर सूक्ष्म छिद्रांतून शिरलेल्या द्रवाने हळूहळू विरघळत गेला. वंगण कितीही चांगले असले तरी ते तिथे काही करू शकत नाही. प्रयोगशाळेत हे निसटण्याचे कारण साधे आहे. वासराच्या रक्तद्रवात सांधा सेकंदाला एक या गतीने 50 लाख वेळा फिरवला, तर चाचणी सुमारे 58 दिवसांत आटोपते. झीज फेऱ्यांप्रमाणे वाढते, पण गंज चढायला वर्षे लागतात.