काचपेटीतील पाणी

लहानपणी हौसेने काचेच्या भांड्यात मासे ठेवले आणि आठ-पंधरा दिवसांतच ते उताणे तरंगताना पाहिले, असा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांच्या पदरी असेल. माझ्याही आहे. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय पाहून आल्यावर, वयाच्या अकराव्या वर्षी, मी हट्ट धरून दोन सोनमासे आणविले. एक दिवसाआड भांडे घासावे, तळची वाळू चोळून धुवावी आणि नळाचे ताजे पाणी भरावे, हा माझा नेम कधी चुकला नाही. तथापि दहाव्या दिवशी दोन्ही मासे गेले. आपल्याच हातून काही हयगय झाली असावी, या समजुतीने मी तो नाद जवळजवळ पन्नास वर्षे सोडून दिला. सेवानिवृत्तीनंतर नातीच्या आग्रहास्तव काचपेटी पुन्हा घरात आली, तेव्हा मासे आणण्यापूर्वी या छंदाचा इतिहास वाचावयास घेतला. त्यात मला त्या जुन्या अपराधाचा उलगडा झाला. तोच आज आपणांपुढे ठेवतो.

मासे बाळगण्याची हौस पुरातन आहे. चीनमध्ये सोंग राजवटीत, म्हणजे इ. स. ९६० ते १२७९ या काळात, सोनमासे हौदांत जोपासले जात. परंतु घरातल्या लहानशा काचपात्रात, पाणी न बदलता, मासा दीर्घकाळ जगवावा ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली होय. तिला दोन गोष्टींचा आधार मिळाला. पहिली ज्ञानाची : १७७१ मध्ये जोसेफ प्रीस्टली याने वनस्पती दूषित हवा पुन्हा श्वसनयोग्य करते हे दाखविले आणि १७७९ मध्ये इंगेनहाऊस याने त्या कार्यास सूर्यप्रकाश लागतो हे सिद्ध केले. दुसरी व्यवहाराची : इंग्लंडात काचेवर जबर कर होता, तो १८४५ साली उठला आणि काच मध्यमवर्गीयांच्या आटोक्यात आली.

यानंतर रंगभूमीवर येतो रॉबर्ट वॉरिंग्टन, लंडनमधील औषधविक्रेत्यांच्या संस्थेतील रसायनज्ञ. १८४९ साली त्याने बारा गॅलन मावतील अशा काचपात्रात वाळू, माती व झऱ्याचे पाणी घालून दोन सोनमासे सोडले आणि व्हॅलिस्नेरिया नावाची फितीसारख्या पानांची पाणवनस्पती लावली. काही दिवस सारे सुरळीत चालले. मग जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवी बुरशी चढली. दुसरा कोणी असता तर त्याने पाणी ओतून दिले असते. वॉरिंग्टनने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व बुरशी खाल्ली, पाणी निवळले, आणि त्यांची अंडी माशांना खाद्य झाली. १८५० मध्ये हा वृत्तान्त त्याने केमिकल सोसायटीपुढे वाचला. मासा, वनस्पती आणि गोगलगाय यांचा एकमेकांवर चाललेला हा संसार म्हणजे आधुनिक काचपेटीचा पाया.

पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. १८५४ मध्ये फिलिप गॉस याचा या विषयावरील ग्रंथ निघाला, आणि दिवाणखान्यात काचपेटी ठेवण्याची लाटच उसळली. पण वॉरिंग्टनचा समतोल हे अर्धेच सत्य होते. मासा केवळ प्राणवायू घेऊन थांबत नाही. तो पाण्यात अमोनिया सोडतो, आणि हे विष थोडे साचले तरी त्याचे कल्ले जळतात. हे विष जाते कोठे?

उत्तर मत्स्यालयातून आले नाही, सांडपाण्याच्या अभ्यासातून आले! १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लेझिंग व म्युंट्झ यांनी वाळूने भरलेल्या नळीतून सांडपाणी सोडले. सुमारे वीस दिवस त्यातला अमोनिया तसाच बाहेर पडत राहिला. त्यानंतर मात्र अमोनियाच्या जागी नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच हे कार्य बंद पडले. अर्थ उघड होता : वाळूत कोणी तरी जिवंत होते, आणि त्यांना तेथे वस्ती करण्यास वीस दिवस लागले होते. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की याने हे सूक्ष्म जंतू वेगळे करून दाखविले. अमोनियाचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट होते. पहिली दोन विषे, तिसरे पुष्कळच सौम्य.

आता माझ्या दोन सोनमाशांकडे पहा. ज्या वाळूत हे जंतू वस्तीस येणार, तीच मी एक दिवसाआड चोळून धूत होतो. वर नळाच्या पाण्यातील क्लोरीन जंतूंना मारक आणि माशांनाही मारक. हयगय माझ्या हातून झालीच नव्हती. नेमाने, मनापासून आणि अजाणतेपणी मीच ते घर पुनःपुन्हा मोडीत होतो.

यंदा पेटीत वाळू, वनस्पती व रात्रभर उघडे ठेवून निवविलेले पाणी भरले, आणि पाच आठवडे एकही मासा आणला नाही. रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकून ते कुजू दिले, की जंतूंना अमोनिया मिळावा. नात रोज विचारी, "आजोबा, मासे कुठे आहेत?" मी सांगे, "अगं, आधी त्यांचे शेजारी राहायला येताहेत." पाण्याच्या तपासणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आले, त्या दिवशी सहा झेब्रा मासे सोडले. आता आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलतो, आणि गाळणीचा स्पंज नळाखाली न धरता पेटीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळतो.

सहाही मासे आजमितीस हिंडत आहेत. परवा नातीने बादली व घासणी आणून "आजोबा, पेटी लख्ख करू या?" असे विचारले. मी तिला जवळ बसविले आणि अकरा वर्षांच्या एका मुलाची गोष्ट सांगितली.