शिसपेन्सिलीची रेघ आणि एका व्होल्टची भिंत

शिसपेन्सिलीत शिसे नसते. तिच्यात ग्राफाइट असते आणि ग्राफाइटमधून वीज वाहते. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या या साध्या गोष्टीने संगणकाच्या इतिहासात एक लहानसा पण रंजक अध्याय लिहिला. २००० साली एएमडीच्या अ‍ॅथलॉन प्रोसेसरच्या पृष्ठभागावरील तुटक जोडण्या हौशी मंडळींनी टोकदार पेन्सिलीने जोडल्या आणि कारखान्यात बंद केलेला वेगाचा गुणक मोकळा केला. हीच युक्ती पुढे ग्राफिक्स कार्डांवर आली. तेथे तिचा उपयोग चिपला मिळणारे व्होल्टेज वाढवण्यासाठी झाला.

व्होल्टेज वाढवून काय साधते? चिपमधील प्रत्येक ट्रान्झिस्टर पुढच्या ट्रान्झिस्टरची सूक्ष्म धारिता विद्युतभाराने भरतो किंवा रिकामी करतो. या क्रियेला काही काळ लागतो. घड्याळाचा पुढचा ठोका पडण्यापूर्वी ती पूर्ण झाली नाही, तर शून्याच्या जागी एक किंवा एकाच्या जागी शून्य वाचले जाते. व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर अधिक प्रवाह देतो, धारिता लवकर भरते आणि ठोके जलद देता येतात. ओव्हरक्लॉकिंगचे भौतिकशास्त्र मुळात एवढेच आहे.

१९९९ मध्ये आलेल्या जीफोर्स २५६ या कार्डाची घड्याळगती १२० मेगाहर्ट्झ होती. त्या काळातील कार्डांवर व्होल्टेज बदलण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये सहसा नसे. पण कार्डावरील वीजनियंत्रक मंडल उघड्यावर असे. हे मंडल दोन रोधकांच्या साहाय्याने आपल्याच निर्गत व्होल्टेजचा ठरावीक अंश परत वाचते आणि तो अंतर्गत संदर्भ व्होल्टेजशी जुळवते. समजा, संदर्भ ०.६ व्होल्ट आहे आणि दोन्ही रोधक एक-एक किलोओहमचे आहेत. तर चिपला १.२ व्होल्ट मिळतील. आता खालच्या रोधकाला समांतर दहा किलोओहमचा रोधक जोडला, तर परिणामी रोध सुमारे ९०९ ओहम होतो. नियंत्रकाला परत येणारे व्होल्टेज कमी भासते, तो निर्गत वाढवतो आणि चिपला १.२६ व्होल्ट मिळू लागतात. कोणी हा समांतर मार्ग चल रोधक सोल्डर करून तयार करी, तर कोणी रोधकाच्या पाठीवर पेन्सिलीच्या रेघा ओढून. रेघ पुसता येई, हा तिचा गुण. तिचा रोध स्थिर राहत नसे, हा तिचा दोष. म्हणून मल्टिमीटर हाती असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, असा या छंदातला पहिला नियम होता.

या वाढीव वेगाची किंमत मात्र वर्गाच्या पटीत चुकवावी लागते. चिपची गतिज शक्ती धारिता, व्होल्टेजचा वर्ग आणि वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. व्होल्टेज २० टक्के व वारंवारता १५ टक्के वाढवली, तर शक्ती १.४४ गुणिले १.१५, म्हणजे जवळजवळ १.६६ पट होते. पंधरा टक्के वेगासाठी सहासष्ट टक्के अधिक उष्णता! विक्रमवीर चिपवर उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रव नायट्रोजन ओतत, तो याच कारणाने. शिवाय उष्णता आणि प्रवाहाची घनता वाढली की धातूच्या तारांमधील अणूच इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने हळूहळू सरकू लागतात. या विद्युत-स्थलांतराचे आयुर्मानाशी असलेले नाते जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये समीकरणात मांडले. व्होल्टेज वाढवणारा माणूस चिपचे भविष्यातील आयुष्य आज खर्च करत असतो.

२०११ च्या मार्चमध्ये दोन चिप असलेले जीफोर्स जीटीएक्स ५९० बाजारात आले. व्होल्टेज वाढवताच काही परीक्षकांच्या हातातील कार्डे जळाली. पुढच्याच वर्षी जीटीएक्स ६८० बरोबर नवी पद्धत आली: तापमान आणि शक्ती पाहून वारंवारता व व्होल्टेज चिपच ठरवू लागली. ईव्हीजीएने त्याच वर्षी आपल्या एका महागड्या कार्डावरील बाह्य व्होल्टेज-नियंत्रणाची जोडणी काढून टाकली. २०१६ च्या पास्कल पिढीत कार्डाच्या बायोसवर अंकीय सही सक्तीची झाली. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची मर्यादा कोणी ठरवायची, मालकाने की निर्मात्याने, हा वाद तेव्हापासून धुमसतो आहे. निर्मात्याची बाजू हमीखाली परत येणाऱ्या जळक्या कार्डांची आहे; वापरणाऱ्याची बाजू शिकण्याच्या आणि दुरुस्तीच्या हक्काची. दोन्हींत तथ्य आहे.

या साऱ्यामागे एक खोल भौतिक कारण आहे. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये दाखवले, की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवले, तर शक्तीची घनता स्थिर राहते. पाच व्होल्ट, ३.३ व्होल्ट, मग एक व्होल्टच्या आसपास, असा हा उतार चालला आणि २००५ च्या सुमारास थांबला. पारंपरिक ट्रान्झिस्टरमधील प्रवाह दहापटीने कमी करायला सामान्य तापमानाला किमान ६० मिलिव्होल्ट लागतात. हा आकडा उष्मागतिकीतून येतो, कारागिरीने तो बदलत नाही. व्होल्टेज आणखी उतरवले तर ट्रान्झिस्टर नीट बंदच होत नाही आणि गळती वाढते. म्हणून ग्राफिक्स चिप आजही एका व्होल्टच्या जवळपास अडकलेल्या आहेत, आणि वाढती क्षमता प्रवाहाच्या रूपाने अंगावर येते. २०२५ च्या आरटीएक्स ५०९० ची मर्यादा ५७५ वॅट आहे. एका व्होल्टला याचा अर्थ शेकडो अँपिअर होतो.

भारतासाठी हा इतिहास केवळ छंदाचा उरलेला नाही. पुण्याच्या सी-डॅकमधील ‘ऐरावत’ हा ग्राफिक्स प्रोसेसरांवर आधारलेला महासंगणक २०२३ मध्ये जगातील पहिल्या पाचशेंत ७५ वा होता. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या इंडियाएआय मोहिमेचे मूळ उद्दिष्ट दहा हजारांहून अधिक प्रोसेसरांचे होते. २०२५ मध्ये हा आकडा तीस हजारांपुढे गेला. प्रत्येकी ७०० वॅटचे दहा हजार प्रोसेसर म्हणजे ७ मेगावॅट, आणि त्यांना थंड ठेवण्याची वीज वेगळी.

येथे तोच वर्गाचा नियम उलट दिशेने उपयोगी पडतो. वारंवारता तीच ठेवून व्होल्टेज पाच टक्के उतरवता आले, तर गतिज शक्ती सुमारे दहा टक्क्यांनी घटते. मात्र प्रत्येक चिपची किमान मर्यादा वेगळी असते आणि ती वयानुसार सरकते. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर अवाजवी व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये स्पष्ट झाले आणि कंपनीला हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली. खेळात मर्यादा ओलांडली की पडद्यावर ठिपके चमकतात आणि चूक लगेच कळते. हवामानाच्या किंवा रेणूंच्या गणनेत तीच चूक निमूटपणे उत्तरात मिसळू शकते.

म्हणून व्होल्टेज नेमके किती असावे, या प्रश्नाचे उत्तर मोजमापानेच द्यावे लागते. पेन्सिलीची रेघ ओढून मल्टिमीटरकडे पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी हेच केले होते. आता हे काम देशाच्या गणनकेंद्रांसमोर आहे.