मुरवायला भांडवल लागते

उत्तर स्पेनमध्ये एब्रो नदीच्या काठी आरो नावाचे छोटे शहर आहे. रिओहा प्रांतातली ही वाइनची पेठ. इथल्या जुन्या, नामांकित वायनरी कुठल्या मठाला लागून किंवा किल्ल्याच्या कुशीत असतील असे वाटते, पण त्या रेल्वे स्टेशनाला खेटून उभ्या आहेत. वस्तीचे नावही ‘बार्रिओ दे ला एस्तासिओन’, म्हणजे सरळसरळ स्टेशन मोहल्ला. तुदेला-बिल्बाओ रेल्वे १८६३ साली सुरू झाली आणि त्यानंतरच्या चाळीसेक वर्षांत या वायनरी एकामागून एक उभ्या राहिल्या: लोपेस दे एरेदिया १८७७, कूने १८७९, ला रिओहा आल्ता १८९०, बोदेगास बिल्बाईनास १९०१. यांतली पहिली आजही त्याच कुटुंबाच्या हातात आहे आणि तिची ‘विन्या तोंदोनिया’ ही लाल वाइन जगभर ‘पारंपरिक रिओहा’चा नमुना मानली जाते. वर्षानुवर्षे ओकच्या पिंपांत मुरलेली, फिक्या विटकरी रंगाची, सुक्या मेव्याचा वास असलेली ही वाइन पाहून ती मध्ययुगापासून अशीच चालत आली असावी, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. ही परंपरा रेल्वेच्या वयाची आहे. शिवाय ती कुठल्या गुप्त ज्ञानातूनही जन्मलेली नाही. वाइन मुरवावी कशी, हे रिओहात आधीच माहीत झाले होते. ती मुरेपर्यंत पैसा अडकवून ठेवणे ज्यांना परवडले, त्यांनी ही परंपरा घडवली.

पुरावा जुना आहे. लाबास्तिदा गावचा मानुएल किंतानो हा बुर्गोसच्या कॅथेड्रलमधला धर्माधिकारी. १७८०च्या दशकात तो बोर्दोला गेला, तिथली पद्धत त्याने पाहिली आणि गावी येऊन तशी वाइन केली: ओकच्या पिंपात ठेवायची, गाळ खाली बसला की वरची निवळ दुसऱ्या पिंपात काढायची, अंड्याच्या पांढऱ्या बलकाने ती स्वच्छ करायची. १७९५ मध्ये त्याने क्यूबाला पाठवलेली वाइन समुद्रप्रवासात टिकली. एरवी रिओहाची वाइन एवढ्या प्रवासात आंबून जायची. म्हणजे तंत्र सिद्ध झाले होते. तरीही ते बुडाले आणि बुडवले ते एका हुकमाने. १८०४ मध्ये निर्णय झाला की सगळ्या वाइनला एकच भाव मिळेल. शेजारच्या उत्पादकांना किंतानोची स्पर्धा नको होती. ज्याने लाकूड विकत घेतले, मजूर लावले, वर्ष-दोन वर्षे माल अडकवला, त्याला जो दर तोच शेजाऱ्याच्या त्याच हंगामातल्या कच्च्या वाइनलाही. अशा बाजारात मुरवत बसणारा माणूस वेडाच ठरतो. किंतानोने नाद सोडला आणि पुढची चाळीसहून अधिक वर्षे तो कुणी घेतला नाही.

यावर हमखास एक आक्षेप येतो. रिओहात वाइन हजार वर्षांहून जुनी आहे, सान मियान दे ला कोगोयाच्या मठात तेराव्या शतकातला कवी गोन्सालो दे बेर्सेओ वाइनचा उल्लेख करतो, मग परंपरा रेल्वेच्या वयाची कशी? द्राक्षवेल जुनी आहे, यात वादच नाही. पण बेर्सेओच्या पेल्यातली वाइन तोंदोनियाची पणजीही लागत नाही. त्या काळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत इथला शेतकरी द्राक्षांचे घड देठांसकट दगडी हौदात टाकायचा, ते तिथेच आंबायचे, मग पायांनी तुडवायचे आणि निघालेली वाइन कातडी बुधल्यांत भरून खेचरांवरून गावोगाव जायची. ती पुढच्या हंगामाच्या आत संपवायची असे. नवी वाइन आली की जुनीचा भाव पडायचा, कारण जुनी म्हणजे आंबटसर झालेली. ही पद्धत आजही काही गावांत टिकून आहे आणि तिची ताजी, फळांच्या वासाची वाइन चांगलीच लागते. ‘परंपरा’ हा शब्द वयावरूनच द्यायचा असेल तर त्या कोवळ्या वाइनचा हक्क पहिला. तोंदोनिया तिच्यापुढे कालची पोर.

दुसरा प्रयत्नही तसाच अडखळला. बाल्दोमेरो एस्पार्तेरो या सेनानीचा सहायक लुसियानो मुर्रिएता त्याच्याबरोबर लंडनला परागंदा होता. इंग्रज सरदार फ्रेंच वाइनला काय किंमत मोजतात हे त्याने तिथे पाहिले आणि परतल्यावर १८५०च्या सुमारास त्याने लोग्रोन्योत बोर्दोच्या धर्तीची वाइन करायला घेतली. आलावा प्रांताच्या सरकारने तर १८६२ मध्ये मेदोकहून झाँ पिनो या जाणकाराला पगार देऊन आणले आणि शेतकऱ्यांना शिकवायला सांगितले. शेतकऱ्यांनी पद्धत शिकून घेतली आणि वाइनही चांगली झाली. पण पिंपे विकत घ्यायला रोख रक्कम लागत होती आणि वाइन विकली जाईपर्यंत दोन-तीन वर्षे घर कशावर चालवायचे, याचे उत्तर पिनोकडे नव्हते. १८६८ मध्ये करार संपला, सरकारने हात आखडता घेतला आणि पिनोला एल्सिएगोच्या मार्केस दे रिस्कालने नोकरीवर ठेवून घेतले. रिस्कालकडे जमीन होती आणि थांबण्यापुरता पैसा होता. त्याचे तळघर आज दीडशे वर्षांनंतरही चालू आहे, शेतकऱ्यांची योजना मात्र इतिहासाच्या पुस्तकात राहिली. तेच तंत्र, तोच गुरू आणि मैलोन् मैल तीच जमीन असताना निकाल मात्र तिजोरीवरून ठरला.

मग पैसा आला कुठून? तो आणला रोगाने. १८५०च्या दशकात फ्रान्सच्या बागांवर भुरी पसरली. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला हा शत्रू ओळखीचा आहे आणि त्यावरचा गंधकाचा उपायही. पण १८६०च्या दशकात अमेरिकेहून आलेला फायलॉक्सेरा हा मुळे खाणारा किडा गंधकाला जुमानत नव्हता. १८७५ मध्ये फ्रान्सने आठ कोटी हेक्टोलिटरहून अधिक वाइन केली होती, १८८९ मध्ये हा आकडा अडीच कोटींच्याही खाली गेला. फ्रेंच व्यापारी पिरेनीज ओलांडून आरोच्या स्टेशनावर उतरले आणि मिळेल ती वाइन उचलू लागले. १८८२च्या करारात फ्रान्सने स्पॅनिश वाइनवरची जकात उतरवली, तेव्हा तर गावात सोन्याचा पाऊसच पडला. १८९०च्या आसपास आरोत रस्त्यांवर विजेचे दिवे लागले, तेव्हा स्पेनच्या बहुतेक शहरांत ते नव्हते. त्याच लाटेवर राफाएल लोपेस दे एरेदिया हा चिलीत जन्मलेला तरुण आरोत स्थिरावला. फ्रेंच व्यापाऱ्यांबरोबर काम करून त्याने त्यांचा हिशेब समजून घेतला आणि १८७७ मध्ये स्वतःचे तळघर खोदायला घेतले.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवली पाहिजे. तेजीच्या त्या वर्षांत मुरवण्याची गरजच नव्हती. फ्रेंचांना कच्ची, गडद वाइन हवी होती, आपल्या पातळ मालात मिसळायला. वाइन झाली की रेल्वेवर चढवा, पैसे घ्या, मोकळे व्हा. मुरवण्याला खरा अर्थ आला तो तेजी ओसरल्यावर. फ्रान्सने अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून आपल्या बागा सावरल्या, १८९२ मध्ये करार संपवला आणि जकातीची भिंत पुन्हा उभी केली. रोज रेल्वेवर चढणारा माल पडून राहू लागला. १८९९ मध्ये तोच किडा रिओहात पोचला. कच्च्या मालावर जगणारे त्या दहा वर्षांत कोसळले. तगले ते तळघरात पिंपे भरून बसलेले, बाटलीवर नाव छापणारे आणि माद्रिद, बिल्बाओ, हवाना इथल्या हॉटेलांना आपली वाइन पटवून दिलेले. बिल्बाओ तेव्हा लोखंडाच्या खाणींवर आणि बँकांवर गब्बर होत होते. कूने स्थापणारे रेआल दे आसुआ बंधू बिल्बाओचेच. या पेठेचे भांडवल नांगरापेक्षा लोखंडातून आणि व्यापारातून अधिक आले, हे रिओहाच्या जाहिरातींत क्वचितच सांगितले जाते.

आता तळघरात शिरू. तोंदोनियाची वाइन मोठ्या लाकडी कुंडांत आंबते आणि मग २२५ लिटरच्या पिंपांत जाते. एका पिंपातून पाऊण लिटरच्या ३०० बाटल्या निघतात. ‘रेसेर्वा’ म्हणून विकायची वाइन या पिंपांत सहा वर्षे राहते आणि निवडक वर्षांचीच होणारी ग्रान रेसेर्वा दहा. दर सहा महिन्यांनी पिंपाचे भोक उघडून वाइन स्वतःच्या वजनाने खालच्या रिकाम्या पिंपात उतरवली जाते. ती गढूळ वाहू लागली की हात थांबतो आणि गाळ मागे राहतो. म्हणजे दहा वर्षांत वीस वेळा हेच काम, प्रत्येक पिंपासाठी, हाताने. मध्ये लाकडातून वाइन उडून जाते, ती तूट भरावी लागते. आणि दरवर्षी सहा वर्षे मुरलेली एक वाइन विकायची तर तळघरात एकाच वेळी सहा हंगामांचा माल पडून असायला हवा. भिंतींवरची बुरशी आणि कोळिष्टके मुद्दाम ठेवलेली आहेत, कारण बुचे पोखरणारे पतंग कोळी खातात. (पाहुण्यांना ती फार आवडतात, हा वरचा नफा.)

ही पिंपे नवी नसतात, हे इथे महत्त्वाचे. घराचा स्वतःचा पिंपांचा कारखाना आहे. अमेरिकेतल्या अॅपलाचियन डोंगरातला ओक फळ्यांच्या रूपात येतो, उघड्यावर वाळतो आणि इथल्याच कारागिरांच्या हाताखाली वाकतो. एकदा बांधलेले पिंप दुरुस्त करत करत दशकानुदशके वापरतात. जुन्या लाकडाचा वाइनला फारसा वास लागत नाही. त्याचे काम हवा थेंबाथेंबाने आत सोडण्याचे, म्हणजे वाइनचा तुरटपणा हळूहळू मऊ होतो. ओक अमेरिकन का, तर स्पेनच्या अटलांटिक व्यापारात तो स्वस्त मिळत होता. तोंदोनियाची प्रसिद्ध बाग तरी किती जुनी? नदीच्या वळणावरची ही शंभराहून अधिक हेक्टरांची बाग १९१३-१४ मध्ये लावली गेली, वायनरीहून छत्तीस वर्षांनी धाकटी आणि किड्यानंतरची असल्याने अमेरिकन खुंटावर कलम केलेली. आपल्याकडचा डॉगरिज खुंटही अमेरिकन वंशाचाच, फक्त तो पाण्याच्या टंचाईमुळे आणि खारवट जमिनीमुळे आला. तोंदोनियात कलमावर चढलेली टेम्प्रानियो, गार्नाचा, ग्रासियानो आणि मासुएलो ही द्राक्षे मात्र स्पेनची.

मग ही नुसती फ्रेंच नक्कल आहे का? आक्षेप रास्त आहे, आणि सुरुवातीला ती नक्कलच होती. पण बोर्दोने पुढे पिंपातला काळ दीड-दोन वर्षांवर आणला, नवे लाकूड वापरले, बाजाराच्या मागे धावला. आरोतल्या काहींनी जुनाच धडा गिरवला आणि तो लांबवत नेला. मूळ धडा देणाऱ्याने बदलले आणि नक्कल करणाऱ्याने जपले, म्हणून नक्कल स्वतःच मूळ ठरली. हे न बदलणे आळसाचे मात्र नव्हते. याच राफाएलने १९१० मध्ये ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनासाठी झोकदार लाकडी दुकान बनवून घेतले होते. ते पुढे जुन्या सामानात सापडले, आणि त्याच्या वंशजांनी त्याला सामावून घेणारा मंडप उभारायला झाहा हदीद या वास्तुरचनाकारालाच बोलावले. पिंपाच्या बाबतीत जुने घर आणि विक्रीच्या बाबतीत काळाच्या पुढे, असे हे पहिल्यापासूनच चालले आहे.

तिसरा आक्षेप कुटुंबाच्या बाजूने येतो: हे सगळे घराण्याच्या निष्ठेमुळे टिकले, पैशाचा हिशेब कशाला? घराण्याचा वाटा मी नाकारत नाही. १९७०-८०च्या दशकांत रिओहात स्टीलच्या टाक्या आल्या, १९९०च्या दशकात नवे फ्रेंच लाकूड आणि काळपट, जाड वाइनची फॅशन आली. समीक्षकांनी तोंदोनियाला कालबाह्य ठरवले तरी या घराने कूस बदलली नाही. दर तिमाहीला भागधारकांना उत्तर द्यायचे असते तर ते जमले असते का, शंकाच आहे. पण याच मोहल्ल्यातली ला रिओहा आल्ता ही पाच कुटुंबांनी एकत्र येऊन काढलेली कंपनी आहे. तिची पहिली अध्यक्ष सातुर्निना गार्सिया सिद ही बाई, १८९०च्या स्पेनमध्ये. तीही पिंपांत वर्षानुवर्षे वाइन मुरवते. म्हणजे रक्ताचे नाते अनिवार्य नाही. अनिवार्य आहे ते आजच्या विक्रीवर आज पोट नसणे. ज्या कुटुंबांकडे हे नव्हते, त्यांची नावे या मोहल्ल्याच्या पाट्यांवर नाहीत, आणि त्यांची निष्ठा कमी होती असे मानायला कसलाच आधार नाही.

रिओहाला १९२५ मध्ये स्पेनमधले पहिले मूळस्थान-नामांकन मिळाले. त्याचे नियम मात्र तोंदोनियाहून कमी वर्षे मागतात. आज ग्रान रेसेर्वा म्हणवून घ्यायला एकूण पाच वर्षे आणि त्यांतली किमान दोन पिंपात पुरतात. रेसेर्वाला तीन वर्षे आणि त्यांतले एकच पिंपात. दोन्ही लेबलांवर शब्द तोच असतो, पण तोंदोनिया पिंपात सहा किंवा दहा वर्षे काढून आलेली असते आणि दुसरी बाटली कायद्याची किमान अट पुरी करून. त्यामुळे स्पॅनिश बाटली हातात घेतलीत तर ‘रेसेर्वा’ या शब्दावर विसंबू नका. हंगामाचे वर्ष पाहा, शक्य असेल तर पिंपातली वर्षे विचारा, आणि किंमत जास्त वाटली तर एवढी वर्षे कोणाचा पैसा अडकून पडला होता, याचा हिशेब मांडून मग ठरवा.