जिलेटिन, कायदा आणि देवाचा मासा

आमच्या नदीच्या डोहात परवा पुन्हा जिलेटिनचा बार उडाला. म्हणून थोडा मागचा इतिहास सांगतो.

पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीरची शास्त्रीय नोंद कर्नल सायक्सने १८३९ साली केली. नाव पडलं 'टोर खुद्री'. पुढे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने स्फोट करून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारायला बंदी घातली. बार मात्र थांबले नाहीत. त्यात धरणं झाली, पावसाळ्यात अंडी घालायला वर चढणाऱ्या महसीरची वाट अडली. १९७० च्या दशकात टाटांनी लोणावळ्यात वळवण तलावापाशी त्याची पिल्लं तयार करायला घेतली.

आता महाड तालुक्यातलं वाळणकोंड बघा. काळ नदीच्या डोहात महसीर निवांत फिरतात. वरदायिनी देवीचे मासे म्हणून गावकरी त्यांना धरत नाहीत. पहारा गावाचाच.

भोई मंडळींच्या जाळ्याबद्दल माझी तक्रार नाही. जाळ्यातलं पिल्लू परत सोडता येतं. बारात मोठा मासा, पिल्लू, अंडी सगळंच जातं. कारवाई व्हायलाच हवी. पण आपल्या गावानेही एक डोह राखायला काय हरकत आहे? बोला.