वाटेवरचें गांव आणि घरचें जेवण

पूर्वीचे लोक सावकाश जगत, घरचें ताजें अन्न खात, स्नेहीसोबत्यांबरोबर तासन् तास बसत, आणि आपण मात्र घड्याळाचे बंदे झालों, हें वाक्य कोणत्याहि सुशिक्षित घरांत महिन्यांतून एकदां तरी कानांवर येतें. आम्हीहि तें पुष्कळदां बोललों आहों. तथापि इतिहासाचा थोडासा नाद असलेल्या माणसास या वाक्यांतील 'पूर्वी' हा शब्द अडखळवितो. हें पूर्वी कोणत्या सालचें? आणि कोणाच्या घरचें? असले प्रश्न मोघम विचारून उत्तर मिळत नाहीं; एखाद्या गांवाच्या वेशींत उभें राहून ते विचारावे लागतात. त्यासाठीं आम्ही वरवंड निवडलें आहे.

वरवंड हें दौंड तालुक्यांतील, पुण्याहून सोलापुरास जाणाऱ्या सडकेवरचें गांव. पुण्यापासून अंतर साठेक किलोमीटर. तालुक्याचें जुनें नांव भीमथडी. मराठ्यांच्या फौजेंत नांवाजलेलीं भीमथडी तट्टें तीं याच मुलुखाचीं. पाऊस येथें बेताचा. त्यामुळें येथील जुनें जेवण म्हणजे बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, मटकी-हुलग्यांचें कालवण, हुलग्याचे शेंगोळे, थंडींत माडगें, आणि बुक्कीनें फोडलेला कांदा. खडकवासल्याच्या तलावांतून निघालेला मुठा उजवा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या बाजूस आला, आणि पुढें त्याच्या पाण्यावर ऊस आला. आज हा तालुका गुऱ्हाळांसाठीं ओळखला जातो, आणि गरम काकवी भाकरीवर ओतून खाणारास हें अनादि कालापासून असेंच चाललें आहे असें वाटतें. वस्तुतः त्या काकवीचें वय फार नाहीं.

घाई या भागांत ऊसाच्याहि आधीं आली. डिसेंबर १८५८ मध्यें ग्रेट इंडियन पेनिनसुला रेल्वेचा फांटा पुण्याहून दिकसळपर्यंत चालू झाला, आणि केडगांव, पाटस हीं नांवें आगगाडीच्या वेळापत्रकांत गेलीं. १९०६ मध्यें बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीहून पंढरपुरास पोहोंचली. म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभापासून पुणेकर भाविकास दोन गाड्या बदलून विठोबाच्या दारीं उतरतां येऊं लागलें. नफ्यातोट्याचा हिशेब मांडणारा कोणीहि त्या वर्षीं सांगता कीं, आतां पायीं वारी थोड्याच दिवसांची सोबतीण आहे.

ती राहिली. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनीं १६८५ च्या सुमारास पादुका पालखींत घालून नेण्याची जी प्रथा घातली, तिचा देहूचा सोहळा आजहि ज्येष्ठाच्या वद्य पक्षांत पुण्यावरून निघून लोणी काळभोर, यवत असे मुक्काम करीत वरवंडास येतो. यवत ते वरवंड हें अंतर आगगाडीचें अर्ध्या तासाचें. पालखीस त्याला पुरा दिवस लागतो. तो दिवस चालण्यांत जितका जातो तितकाच थांबण्यांत जातो. वाटेंत विसावे आहेत, भजन आहे, झाडाखालीं शिदोरी सोडणें आहे, गेल्या वर्षीं भेटलेल्या माणसास पुन्हां भेटून त्याच्या गुडघ्याची चौकशी करणें आहे. दिंडींतील मैत्री ही एक निराळीच वस्तु होय. वर्षांतील तीन आठवडे एका ताटाशीं बसणारीं माणसें एरवीं एकमेकांच्या गांवींहि जात नाहींत, आणि तरी त्यांच्यांत एक जण कमी झाला तर पंगतींत त्याची जागा डोळ्यांस दिसते.

यवतच्या मुक्कामीं गांवकरी पिठलें-भाकरी करून वारकऱ्यांस वाढतात, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक आहे. वरवंडास पालखी विठ्ठलमंदिरांत उतरते. मोठ्या दिंड्यांचीं स्वैपाकाचीं भांडीं आतां मालमोटारींतून येतात. पण या सबंध वाटेवर ओळखीच्या वारकऱ्यास घरीं नेऊन जेवूं घालण्याची चाल आहे, आणि तिची गोडी त्या भांड्यांस येत नाहीं. चुलीवर तवा तापलेला, वैलावर आमटी निवत ठेवलेली, काठवटींत पीठ मळलें जात आहे आणि ओसरीवर पाय धुऊन बसलेलीं माणसें पावसाच्या गोष्टी करीत आहेत. पेरणी झाली कीं नाहीं हा त्या दिवसांतील मुख्य प्रश्न असतो. त्या बोलण्यास विषय थोडे आणि वेळ पुष्कळ असतो. अशा एका ओसरीवर बसण्याचा योग आम्हांसहि आला आहे. जेवण संपून दोन घटका झाल्या तरी हात वाळवीत बसलेल्या मंडळींपैकीं कोणी उठलें नव्हतें.

येथवर तें 'पूर्वी'चें वाक्य खरें ठरलें असें वाचक म्हणतील. परंतु याच तालुक्याचे आणखी कांहीं कागद वाचावयाचे आहेत.

वरवंडच्या दक्षिणेच्या अंगास सुपें आहे. तें त्या वेळीं भीमथडींतच होतें. तेथील बाजारांत १२ मे १८७५ रोजीं शेतकऱ्यांनीं सावकारांचीं दुकानें-घरें फोडून खतें-वह्या जाळल्या, आणि दक्षिणेंतील दंगे म्हणून ज्यांस नांव पडलें त्यांस तेथून तोंड लागलें. त्या कागदांत लिहिलेलें असे तें व्याज, आणि तें व्याज म्हणजे खळ्यावरून घरीं न येतां परभारें गेलेलें धान्य. त्याच्या दुसऱ्याच वर्षीं पाऊस गेला. १८७६-७७ च्या दुष्काळांत या भागांतील कुटुंबेंच्या कुटुंबें सरकारी कामांवर खडी फोडावयास गेलीं. सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानें तेथील मजुरी दिवसास एक पौंड धान्य व वर थोडे पैसे इतकी उतरविण्यांत आली. पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्याविरुद्ध तक्रारी केल्या, आणि पुष्कळ मजूर काम सोडून निघून गेले. ज्यांच्या चुली त्या वर्षीं पेटल्या नाहींत त्यांचे पणतू आज त्याच गांवांत वारकऱ्यांस वाढीत असतील. पुढच्या दुष्काळांत, १८९६ नंतर, पंडिता रमाबाईंनीं शेजारच्या केडगांवास दूरदूरच्या प्रांतांतून उपाशी मुली आणून सांभाळल्या. अशा शेंकडों मुलींचें 'घरचें जेवण' म्हणजे मुक्तिसदनांतील सामायिक पंगत.

तेव्हां सावकाश जेवण हें जुन्या काळाचें साधारण लक्षण होतें असें आम्हांस म्हणवत नाहीं. तें पीक बरें आलेल्या वर्षाचें, देणें फिटलेल्या घराचें आणि सणावाराचें सुख होतें. बहुधा म्हणूनच पाहुण्यास वाढतांना हात आंखडावयाचा नाहीं हा नियम एवढ्या कसोशीनें पाळला गेला.

दुसरा प्रश्न कोणाच्या घरचें हा. खरें म्हणजे तो घरांतील कोणाचें असा विचारावयास पाहिजे. बाजरीचें पीठ थोड्याच दिवसांत कडू होतें. आठ-पंधरा दिवसांचें दळून ठेवावें अशी त्यांत सोय नाहीं. म्हणून गिरणी येण्यापूर्वीं या मुलुखांत जातें रोज फिरे, आणि तें पहाटे, उजाडण्यापूर्वीं फिरे. ओसरीवरील सावकाशपणाची किंमत आंत घाईनें फेडली जात असे. दळण, पाणी, शेण, चूल, मूल आणि मग शेत. त्या बायकांनीं जात्यावर काय म्हटलें हें सुदैवानें अगदींच नाहींसें झालें नाहीं. गी पॉइत्वाँ व हेमा राईरकर यांनीं पुणें जिल्ह्यापासून आरंभ करून विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. त्यांत विठ्ठल आहे, भाऊ आहे, माहेर आहे, आणि सासरच्या कष्टांविषयीं स्पष्ट बोलणेंहि आहे. सखीबरोबर घालविलेला वेळ म्हणजे काय हें पाहावयाचें असेल तर त्या ओव्यांत पाहावें. तिच्याबरोबर बसण्यास बाईला ओसरी नव्हती. जात्याचा दुसरा खुंटा होता.

आज गिरणी आहे, गॅस आहे, आणि वरवंडावरून जाणारा रस्ता चौपदरी झाला आहे. जातीं पुष्कळ घरीं लग्नांत हळद दळण्यापुरतीं उरलीं. त्याबद्दल गळा काढणें आम्हांस जमत नाहीं. ज्यांना तीं ओढावीं लागलीं नाहींत तेच तीं फार आठवितात. मात्र एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. घरीं जातें राहिलें नाहीं, तरी पालखीच्या रात्रीं भाकऱ्या हातानेंच थापल्या जातात, आणि त्या थापावयास शेजारपाजारच्या बायका एकत्र बसतात. त्या रात्रीं घाई आहे, धूर आहे, पण त्यांच्या हंसण्याचा आवाज ओसरीपर्यंत येतो. पुरुषमंडळींच्या गप्पांपेक्षां तो आम्हांस अधिक लक्षांत राहिला आहे.

सकाळीं पालखी उठते. पाटस मागें टाकून रोटीचा घाट चढेपर्यंत तिला दुपार होते. वरवंडांत तोंवर पराती घासून पालथ्या घातलेल्या असतात, आणि रात्रीं सर्वांच्या मागून जेवलेल्या बायका उरलेल्या भाकरीचा कुस्करा दुधांत कालवून, पाय पसरून, एकदांच्या निवांत खात बसतात.