ट्रॉयचे वारसदार

वर्गात सिकंदराचा धडा चालू असताना एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले, "सर, सिकंदर मुसलमान था ना?" वर्ग हसला. आम्ही मात्र हसलो नाही. ज्याच्या मोहल्ल्यात दोन-तीन सिकंदर राहतात, त्या मुलाला असे वाटणे साहजिक आहे. हा ग्रीक राजा इस्लामच्या आगमनाच्या सुमारे नऊशे वर्षे आधी होऊन गेला, हे सांगता सांगता तास संपला. पण प्रश्न संपला नाही. विजेत्याला आपला पूर्वज म्हणावे, असे माणसाला का वाटते?

खुद्द सिकंदरालाही ही हौस होती. इ.स.पू. 334 मध्ये आशियात उतरताच तो ट्रॉयला गेला आणि अकिलीसच्या समाधीवर त्याने हार वाहिला. आईच्या घराण्याकडून आपण अकिलीसचे वंशज आहोत, अशी त्याची श्रद्धा होती.

ट्रॉयचे युद्ध दहा वर्षे चालले, असे दंतकथा सांगते. होमरच्या इलियडमध्ये मात्र दहाव्या वर्षातले थोडेच दिवस येतात. ते महाकाव्य अकिलीसच्या रागापासून सुरू होते आणि शत्रुपक्षाच्या हेक्टरच्या अंत्यविधीवर संपते. प्रसिद्ध लाकडी घोडा त्यात नाहीच. 1870 नंतर श्लीमानने आजच्या तुर्कस्तानातील हिसारलिकची टेकडी खणली, तेव्हा एकावर एक वसलेल्या अनेक नगरांचे थर निघाले. त्यांतले एक नगर इ.स.पू. 1180 च्या सुमारास जळाले होते. तेवढ्यावरून होमरची कथा जशीच्या तशी खरी ठरत नाही.

रोमची गंमत अशी, की त्याने पराभूतांचा वारसा सांगितला. जळत्या ट्रॉयमधून म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन निघालेला ईनियस आमचा मूळपुरुष, असे रोमन म्हणत. पण त्यांचे वागणे विजेत्यांचेच होते. इ.स.पू. 396 मध्ये त्यांनी शेजारचे वेई नगर जिंकले आणि उरलेले लोक गुलाम म्हणून विकले. हे रोमन इतिहासकार लिव्हीच लिहितो. वेढा दहा वर्षे चालला, असेही तो सांगतो. हा आकडा ट्रॉयच्या कथेतून उचलला असावा, असे अभ्यासक मानतात. पुढे गॉल टोळ्यांनी रोम जाळले, त्यात जुनी दप्तरे नष्ट झाली. लिव्हीने लेखणी उचलली ती त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी.

रोमचे खरे बळ दंतकथेत नव्हते. जिंकलेल्या इटालियन नगरांकडून ते खंडणीऐवजी सैनिक मागत आणि काहींना नागरिकत्वही देत. त्यामुळे एक फौज कापली गेली तरी दुसरी उभी राही. इ.स.पू. 280 मध्ये एपिरसचा राजा पिऱ्हस सुमारे 25 हजार सैनिक आणि 20 हत्ती घेऊन टॅरेंटमच्या मदतीला इटलीत आला, तेव्हा त्याला हे कळले. तोही अकिलीसचा वंशज म्हणवत असे. ट्रॉयच्या लेकरांशी पुन्हा लढायला निघालो आहोत, असे त्याला वाटले. हेराक्लिया आणि अस्क्युलम या दोन्ही लढाया त्याने जिंकल्या. पण इतकी माणसे गमावली, की असा आणखी एक विजय परवडणारा नव्हता. इ.स.पू. 275 मध्ये तो परतला. तीन वर्षांनी टॅरेंटम रोमच्या हाती गेले.

कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यानंतर 1462 मध्ये सुलतान महंमद फातेहही ट्रॉयच्या अवशेषांपाशी थांबला. या नगराचा सूड माझ्या हातून घेतला गेला, अशा अर्थाचे उद्गार त्याने काढल्याचे ग्रीक इतिहासकार क्रिटोबुलोस लिहितो. म्हणजे आमचाही एक वारसदार तिथे जाऊन आला!

या देशात आम्हाला पूर्वजांविषयी वारंवार विचारले जाते. मग आमच्यातले काहीजण अरबस्तान-इराणपर्यंत पोहोचणारा शजरा पुढे करतात. बहुतेकांचे आजे-पणजे याच मातीत राबले, हे सांगायला संकोच का वाटावा?

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात सिकंदर बाजूला ठेवला आणि राजा प्रियामची गोष्ट सांगितली. हेक्टरचे प्रेत मागायला म्हातारा बाप रात्री शत्रूच्या छावणीत जातो आणि मुलाला मारणाऱ्याच्या हातांचे चुंबन घेतो. अकिलीसला स्वतःचा बाप आठवतो. दोघेही रडतात.

वर्ग शांत होता. कालच्याच मुलाने विचारले, "सर, फिर बेटा मिला क्या?"

मिळाला, आम्ही म्हणालो. आणि दफनासाठी अकरा दिवस लढाई थांबली.